युनिफॉर्मचे बूट आणि अंगठ्याचं हाड

माननीय संपादक,

गोव्यात हॉटेलांत, कसिनोत, शोरूममध्ये उभ्यानं ड्युटी करणाऱ्या मुलींच्या पायांकडे कोणाचं लक्ष नाही म्हणून हे पत्र. माझी भाची पणजीतल्या एका हॉटेलात रिसेप्शनला आहे, तिथे पुढून निमुळते, हिलवाले काळे बूट सक्तीचे आणि शिफ्ट संपेपर्यंत बसायचं नाही. परवा तिचा पाय बघितला, अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय, वरची कातडी लाल तुळतुळीत, अंगठा शेजारच्या बोटाला रेटतोय आणि ते बोट वर उचललं गेलंय. घरात कोणी म्हणालं युरिक ॲसिड, कोणी म्हणालं चरबीची गाठ. ऑर्थोपेडिकनी एक्सरे बघून सांगितलं, बनिअन.

यात गाठबीठ वाढलेली नसते, अंगठ्यामागचं लांब हाड बाहेर दुसऱ्या पायाच्या दिशेला सरकतं, अंगठा उलटा बोटांकडे वळतो आणि मधला सांधा दुमडलेल्या कोपरासारखा टोक काढतो. युरिक ॲसिडचं दुखणंही याच सांध्यात येतं पण ते अचानक, बऱ्याचदा रात्री, पाय लाल गरम होतो, चादरही सहन होत नाही, म्हणून अंदाजानं गोळ्या घेऊ नका. पायाची ठेवण घराण्यातून येते हे खरंच, आमच्या आईचाही अंगठा असाच वळलेला, पण ती जन्मभर मोकळ्या चपलांत वावरली आणि तिनं कधी पाय दुखतो म्हटलं नाही. भाचीला पंचविशीतच चालवत नाही!

ऑनलाइन अंगठा सरळ करणारे पट्टे मिळतात, घातल्यावर थोडं बरं वाटतं पण सरकलेलं हाड त्यानं जागेवर येत नाही. खरा आराम बुटात आहे, पुढून रुंद, वरून मऊ, हिल बुटकी. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात तेव्हाच खरेदीला जा, कागदावर उभं राहून पायाची आउटलाइन काढून न्या आणि बूट त्यावर ठेवून बघा, बूट अरुंद दिसला तर दुकानदार कितीही म्हणू दे की वापरून सैल होईल, घेऊ नका. दुखलं तर फडक्यात गुंडाळून बर्फ दहा-पंधरा मिनिटं, पण डायबिटीस असलेल्यांनी आधी डॉक्टरला विचारा, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पायाची जखम कळतच नाही. ऑपरेशनमध्ये हाड कापून सरळ बसवतात, सूज उतरायला महिने जातात, त्यामुळे नुसतं दिसायला बरं म्हणून कोणी करू नये, बाकी उपाय करूनही दुखणं राहिलं तरच.

पण मुलीनं घरी कितीही काळजी घेतली तरी ड्युटीवर तेच बूट घालायचे असतील तर काय उपयोग? काळा रंग ठेवा, पॉलिश ठेवा, फक्त पुढून रुंद आणि सपाट बूट चालतील एवढं लेखी कळवा, आणि काउंटरमागे एक स्टूल द्या. ऑक्टोबरात सीझन सुरू होतो, त्याआधी नवे युनिफॉर्म शिवायला टाकाल तेव्हाच हेही ठरवा ही हॉटेलवाल्यांना कळकळीची विनंती.

– एक वाचक, फोंडा