आमच्या माणसांना ‘स्वर्गवासी’ लिहू नका

महोदय,

गेल्या महिन्यात आईच्या निधनाची जाहिरात द्यायला एका वृत्तपत्राच्या खिडकीवर गेलो. कागदावर स्वच्छ ‘कालकथित’ (आम्ही बौद्ध दिवंगत माणसासाठी वापरतो तो शब्द) लिहून दिले होते. छापून आले ‘स्वर्गवासी’, आणि कोपऱ्यात ॐ. पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्याकडच्या मृत्यूनंतरच्या स्मरणविधीला, आलेल्या मावशीने अंक पाहिला, घडी घालून ठेवला, बोलली काहीच नाही.

शब्द एकच, पण तो छोटा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. आईने ती जन्मभर पाळली.

बौद्धांना स्वर्ग ठाऊकच नाही, असे मी म्हणत नाही. पाली ग्रंथांत देवलोक आहेत, पण तिथला मुक्कामही कधीतरी संपतो. चीन-जपानात अमिताभ बुद्धाच्या सुखावतीवर, म्हणजे त्याच्या आनंदलोकावर, लाखोंची श्रद्धा. चीनमधल्या दुनह्वांगच्या लेण्यांत तर तळ्यातल्या कमळांतून नव्याने जन्मणारे जीव रंगवले आहेत, फार सुंदर. पण आपली वाट वेगळी. वैनगंगेकाठी पवनीला जाऊन या. जगन्नाथ टेकडीचा स्तूप १९६९-७० च्या उत्खननात उजेडात आला. तिथे सापडलेल्या दगडी खांबावर बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नाग कोरला आहे, नावासकट! स्तूप म्हणजे मुळात अस्थींवर रचलेली आठवण.

निधनाच्या जाहिरातीच्या नमुन्यात ‘कालकथित’ हा शब्द आणि पिंपळपानाचे चित्र सर्वच वृत्तपत्रांनी ठेवावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, इंदोरा, नागपूर