एआर व्यायाम करा, पण पाठ टेकून

संपादक महोदय,

टॅबलेटच्या पडद्यावर रुग्णाला आपलेच टेबल आणि आपलाच हात दिसतो. त्या टेबलावर एखादे लाल फळ उमटते, हात तिथवर नेला की गुण मिळतो. पक्षाघातानंतरचे ऑगमेंटेड रिॲलिटीचे, म्हणजे एआरचे, व्यायाम साधारण असे असतात. ते घरोघरी पोहोचावेत असेच आम्हाला वाटते. पण पडद्यावरचे गुण वाढले म्हणजे हात सुधारला, हा समज नुकसान करतो.

या व्यायामांचा खरा उपयोग आवर्तने वाढवण्यात आहे. उत्तर अमेरिकेतील केंद्रांची पाहणी करून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपचाराच्या एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ वेळाच होतात, असे दिसले होते. प्राण्यांवरील प्रयोगांत मात्र रोज शेकडो आवर्तने करून घेतली जातात. खेळाच्या ओघात रुग्ण कंटाळा न करता हात जास्त वेळा हलवतो, हा मोठा लाभ आहे. व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे संगणकाने उभे केलेले आभासी जग) आणि व्हिडिओ गेमवर आधारित उपचारांच्या ७२ चाचण्या एकत्र तपासणारा कॉक्रेन या संस्थेचा आढावा २०१७ साली आला. त्यानुसार नेहमीच्या व्यायामाऐवजी असे खेळ दिल्याने हाताला जास्त फायदा झाला नाही; नेहमीच्या व्यायामात भर म्हणून दिले, एकूण वेळ वाढला, तेव्हा झाला. म्हणून फिजिओथेरपी बंद करून कोणी ॲप देत असेल तर घेऊ नये.

सर्वांत जास्त घोळ होतो तो धडाचा. कोपर सरळ होत नसले की रुग्ण कंबरेतून पुढे झुकतो, खांदा कानाकडे उचलतो आणि मनगट लक्ष्यापर्यंत नेतो. सॉफ्टवेअर फक्त मनगट पाहत असेल तर पूर्ण गुण देते. अशी शेकडो आवर्तने झाली की चुकीचीच सवय पक्की होते आणि खांदा दुखू लागतो. यावर उपाय साधा आहे. पाठ असलेली खुर्ची घ्यावी, तळपाय जमिनीला टेकावेत, टेबल कोपराच्या उंचीवर असावे आणि छातीभोवती उपरण्याचा रुंद पट्टा सैलसर घेऊन खुर्चीच्या पाठीला बांधावा. श्वासाला त्रास होता कामा नये. पहिली लक्ष्ये हाताच्या लांबीच्या आतच ठेवावीत. दहापैकी सात-आठ वेळा पाठ न सुटता जमले की लक्ष्य पाचेक सेंटिमीटर पुढे न्यावे. खांदा लुळा असेल तर हात अधांतरी उचलायला लावू नये. तळव्याखाली पंचाची घडी ठेवून ती टेबलावरून सरकवावी. दुखले की थांबावे.

कॅमेऱ्याच्याही मर्यादा आहेत. रुग्णाच्या मागे उघडी खिडकी असली की त्याची आकृती काळी दिसते आणि सांधे ओळखता येत नाहीत. साडीचा पदर किंवा सैल बाही खांदा-कोपर झाकते. पदर खोचून घ्यावा. घट्ट मिटलेल्या मुठीत बोटे एकमेकांआड जातात, तेव्हा सॉफ्टवेअर त्यांची जागा अंदाजाने दाखवते. बोटे उघडल्याची पडद्यावरची नोंद डोळ्यांनी पडताळूनच मानावी.

शिवाय पडद्यावरच्या पेल्याला वजन नसते. तो किती दाबून धरायचा हे त्यातून शिकता येत नाही. म्हणून वीस मिनिटे एआर झाले की दहा मिनिटे तीच हालचाल अर्धे पाणी भरलेले फुलपात्र घेऊन करावी.

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डावीकडची लक्ष्ये सुटतात आणि घरचे म्हणतात, मनावर घेत नाही. हा आळस नव्हे. लक्ष्ये मध्यापासून सुरू करून हळूहळू डावीकडे न्यावीत, टेबलाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवावी आणि दर वेळी आधी ती पट्टी शोधायला सांगावी.

हे सगळे कुटुंबावर टाकून भागत नाही. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ चाचणीत घरच्या माणसाला शिकवून पुनर्वसन त्याच्यावर सोपवले गेले. सहा महिन्यांनंतरचे मृत्यू किंवा परावलंबन त्याने कमी झाले नाही. ‘लॅन्सेट’ने २०१७ साली हा निष्कर्ष छापला. ॲप दिल्याने थेरपिस्टची उणीव आपोआप भरून निघणार नाही.

सार्वजनिक रुग्णालयांनी एआरचे महागडे चष्मे घेण्याआधी टॅबलेट, स्टँड आणि थेरपिस्टचा वेळ यांवर खर्च करावा. निविदेत तीन अटी असाव्यात: धड किती झुकले याची नोंद सॉफ्टवेअरने ठेवावी, लक्ष्याचे अंतर थेरपिस्टला बदलता यावे आणि घरी केलेल्या व्यायामाचे चित्रण त्याने दर आठवड्याला पाहण्याची सोय असावी.

— पक्षाघात पुनर्वसनात काम करणारे फिजिओथेरपिस्ट व ऑक्युपेशनल थेरपिस्ट, पुणे