छप्पर १९६२चे, मालकी महापालिकेची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिएटलच्या ‘क्लायमेट प्लेज अरीना’ला आपल्याकडे सर्रास ‘अ‍ॅमेझॉनने बांधलेलं नवं स्टेडियम’ म्हणतात. मुलाबाळांकडे तिकडे जाऊन आलेली मंडळीही तेच सांगतात. प्रत्यक्षात अ‍ॅमेझॉनने २०२० मध्ये फक्त नावाचे हक्क घेतले. इमारत सिएटल महापालिकेच्या मालकीची आहे. ओक व्ह्यू ग्रुप ही कंपनी ती भाडेपट्ट्याने चालवते आणि नूतनीकरणाचा खर्च, सुमारे १ अब्ज १५ कोटी डॉलर, खासगी पैशातून झाला. ‘नवं’ म्हणावं, तर डोक्यावरचं छप्पर साठीच्या पुढचं आहे.

१९६२च्या जागतिक प्रदर्शनासाठी वॉशिंग्टन राज्याने हे दालन उभारलं. वास्तुरचनाकार पॉल थिरी. आत एकही खांब नाही, छताचा भार कडेच्या काँक्रीटच्या टेकूंवर. प्रदर्शनानंतर शहराने ते विकत घेतलं, खुर्च्या बसवल्या आणि १९६४ मध्ये खुलं केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथे बीटल्स गायले. १९६७ पासून सुपरसॉनिक्स हा बास्केटबॉल संघ तिथे खेळू लागला.

छप्पर मात्र गळकं निघालं. ५ जानेवारी १९८६ रोजी फिनिक्स सन्सविरुद्धच्या सामन्यात पाणी थेट कोर्टवर ठिबकू लागलं. टॉवेलने पुसून पाहिलं, खेळाडू घसरले, शेवटी दुसऱ्या क्वार्टरमध्ये खेळ थांबवून उरलेला सामना दुसऱ्या दिवशी घ्यावा लागला. पावसाने सामना थांबणं वानखेडेवर समजू शकतं, चार भिंतींच्या आत नाही.

१९९४-९५ मध्ये दालन आतून पाडून पुन्हा बांधलं. खेळाची जमीन रस्त्याच्या पातळीपासून ३५ फूट खाली नेली, सुमारे तीन हजार जागा वाढल्या. पण हिशेब केला तो बास्केटबॉलचा. बास्केटबॉलचं कोर्ट ९४ बाय ५० फूट, तर आइस हॉकीचं रिंक २०० बाय ८५ फूट. बर्फ एका टोकाला सरकवूनच बसायचा, त्यामुळे वरचा धावफलक रिंकच्या मध्यावर यायचा नाही आणि कित्येक खुर्च्यांवरून एका टोकाची गोलची जाळी दिसायचीच नाही. आमच्या मते सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. २००८ मध्ये सॉनिक्स ओक्लाहोमा सिटीला गेले (करार मुदतीआधी मोडल्याबद्दल शहराला साडेचार कोटी डॉलर मिळाले), तेव्हा त्यांची जागा घेऊ शकेल असा मोठा हॉकी संघ या दालनात मावतच नव्हता.

२०१७ मध्ये छपराला वारसा दर्जा मिळाला. म्हणजे ते पाडता येणार नाही, जागा वाढवायची तर खालीच जायचं. छपराचं वजन ४ कोटी ४० लाख पौंड, सुमारे २० हजार टन. आणि छपराचे टेकू ज्या जमिनीवर उभे, तीच खणायची होती. म्हणून आधी ७२ तात्पुरते पोलादी खांब उभे करून भार त्यांच्यावर घेतला, मग खालची जुनी इमारत काढली. शहर भूकंपप्रवण असल्याने नुसतं वजन पेलून भागत नव्हतं, आडवे हादरेही सोसायला हवे होते. जमीन आणखी खाली, रस्त्यापासून ५३ फुटांवर गेली. तळातून नवी इमारत वर आणली आणि भार पुन्हा कायमच्या आधारांवर सोपवला. आतलं क्षेत्रफळ दुपटीच्या आसपास गेलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये क्रॅकन हॉकी संघाने तिथे पहिला घरचा सामना खेळला. आता धावफलकही मधोमध एक नाही, दोन टोकांना दोन आहेत.

एकेकाळच्या गळक्या छपरावरचं पावसाचं पाणी आता १५ हजार गॅलनच्या, म्हणजे जवळपास ५७ हजार लिटरच्या टाकीत साठवून रिंकचा बर्फ करायला वापरतात.

तिकडे जाणाऱ्यांनी गाडी नेऊ नये. शहराच्या मध्यभागातल्या वेस्टलेक स्थानकाहून मोनोरेल आहे, तीही १९६२चीच. आणि दारातून आत शिरल्यावर वर जायचा जिना शोधू नये: रस्त्याच्या पातळीवरून आत आलात की बहुतेक खुर्च्या तुमच्या पायांखाली असतात.

आपले,
सिएटलचे काही वाचक