आरोग्यमित्र ताईंना, तुमच्या नकाराबद्दल

ताई, नमस्कार.

राजापूरचे काका, अँजिओप्लास्टी आणि महात्मा फुले मोफत उपचार योजनेच्या, तुम्ही आरोग्यमित्र म्हणून बसता त्या रुग्णालयातल्या खिडकीशी हुज्जत घालणारे माझे बाबा. एवढ्यावरून ओळख पटेल.

काकांना घाईघाईने परळला आणलं आणि रेशनकार्ड गावीच राहिलं. बाबा म्हणाले, "माझं आधार लावा. सख्खा भाऊ आहे." रांगेतल्या दोघातिघांनी मानाही डोलावल्या. तुम्ही शांतपणे म्हणालात, "आजोबा, मग स्टेंट तुमच्या छातीत बसल्याची नोंद होईल. उद्या तुम्हालाच दुखलं तर डॉक्टर काय वाचतील?" बाबा गप्प झाले. घरात हे कुणालाच जमत नाही.

नुसतं नाही म्हणून तुम्ही आम्हाला वाऱ्यावर सोडलं नाहीत. महात्मा फुले योजनेला गावचं रेशनकार्ड मुंबईतही चालतं, हे तुम्ही सांगितलंत. काकू रात्रीची तुतारी एक्सप्रेस पकडून सकाळी कार्डासह दादरला उतरली.

मधल्या वेळात गेटबाहेर एकाने मला गाठलं. "दोन हजार द्या, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा, योजनेचं कार्ड लगेच काढून देतो." मी येऊन तुम्हाला विचारलं. तेव्हा तुम्ही जे समजावलंत, ते वॉर्डातल्या प्रत्येक नातेवाइकाला कळायला हवं. योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि ही रक्कम सगळ्या घराची मिळून असते. कुणी तुमच्या नावावर खोटा रुग्ण दाखवला, तर बिल तुमच्याच 5 लाखांतून वजा होतं. तुम्हाला पत्ताही लागत नाही. खरी गरज पडते तेव्हा शिल्लक नसते. म्हणून फोटो, आधारची पडताळणी, कागद पुन्हा पुन्हा तपासणं. मला तोवर हा सगळा निव्वळ सरकारी छळ वाटायचा.

पैसे मागितले तर योजनेच्या 155388 या हेल्पलाइनवर तक्रार करा आणि खात्यातून पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 वर, हे तुम्ही पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलंत. तो कागद आता आमच्या चाळीच्या फळ्यावर आहे. डिस्चार्जच्या दिवशीही काकांना बाजूला घेऊन, कुणी पैसे घेतले का, हे विचारायला तुम्ही विसरला नाहीत.

काका आता चालतात-फिरतात. काकू तुम्हाला आंब्यांची पेटी पाठवायची म्हणत होती. ताई घेणार नाहीत, हे तिला बाबांनीच सांगितलं.

तुमचा,
काकांचा पुतण्या