युरोपची धरसोड भोसरीपर्यंत पोहोचते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात युरोपच्या मोटार उद्योगावर लेख आला होता. 2035 नंतर पेट्रोल-डिझेलची नवी गाडी विकू द्यायची नाही हा हट्टच युरोपला नडला, आणि आता ब्रसेल्सला, म्हणजे युरोपीय संघाला, उशिरा का होईना तो सैल करण्याचं शहाणपण सुचलं, असा त्याचा सूर होता. असंच हल्ली पुष्कळ जण बोलतात. मला ते पटत नाही. मी अर्थतज्ज्ञ नाही, भोसरी एमआयडीसीत 26 वर्षं मशीन शॉप चालवतो. पण युरोपात काय बिघडलं याचा एक नमुना आमच्या शॉपमध्येच ठेवलेला आहे, म्हणून हे पत्र.

खिडकीखालच्या रॅकवर मोटर शाफ्टचे 11 ट्रे आहेत. प्रत्येक शाफ्ट तेल लावून, गंज धरू नये म्हणून खास कागदात गुंडाळलेला. विजेच्या गाडीच्या मोटरमध्ये बसणारा हा पार्ट. आम्ही पूर्वी डिझेल इंजेक्शनचे बारीक पार्ट करायचो. 2021 मध्ये ग्राहक म्हणाला, डिझेल संपत आलं, आता शाफ्टकडे वळा. हा ग्राहक आमचा माल पुढे जर्मनीला देतो. त्याचा फोरकास्ट, म्हणजे पुढच्या मागणीचा अंदाज, घेऊन मी बँकेत गेलो, ग्राइंडिंग मशीन घेतलं, फिक्श्चर केली, पोरांना शिकवलं. बेअरिंग बसते तिथे शाफ्टला दोन-चार मायक्रॉनचासुद्धा फरक चालत नाही, त्यामुळे सॅम्पल मंजूर व्हायलाच नऊ महिने लागले. मंजूर झाले, पहिला लॉट तयार झाला, आणि 2024 च्या सुरुवातीला शेड्यूल, म्हणजे दर महिन्याची मागणी, शून्यावर आलं. त्यानंतर चारच महिन्यांनी त्याच ग्राहकाचा फोन: डिझेलचे जुने पार्ट आणखी काही वर्षं लागतील, देऊ शकाल का? ती मशिनं मी तोवर विकून टाकली होती.

ग्राहकाला मी दोष देत नाही. तोही वरून येईल ते शेड्यूल खाली देत होता. वर काय चाललं होतं ते मी नंतर वाचून काढलं.

नोव्हेंबर 2023 मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने सरकारला मोठा दणका दिला. कोविडसाठी मंजूर झालेली 60 अब्ज युरोंची कर्जमर्यादा सरकारने हवामान निधीकडे वळवली होती; न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. पैशाला खिंडार पडलं. मग 16 डिसेंबरला, शनिवारी, सरकारने जाहीर केलं की विजेच्या गाडीवरच्या अनुदानाचे अर्ज उद्या रविवारपर्यंतच घेतले जातील. एका दिवसाची मुदत! अर्ज करायला गाडीची नोंदणी झालेली लागायची. त्यामुळे ज्यांनी गाडी बुक केली होती पण हातात आली नव्हती, त्यांची काही हजार युरोंची रक्कम बुडाली. काही कंपन्यांनी थोडे दिवस ती पदरची भरून दिली. 2024 मध्ये जर्मनीत विजेच्या नव्या गाड्यांची नोंदणी 27 टक्क्यांनी घसरली, सव्वापाच लाखांवरून 3 लाख 80 हजारांवर. आणि 2026 च्या जानेवारीत त्याच देशाच्या सरकारने नवं अनुदान जाहीर केलं.

त्याच 2024 च्या जानेवारीत शेजारच्या फ्रान्सने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना महिना 100 युरोंच्या आसपास भाड्याने विजेची गाडी देण्याची योजना काढली. सहा आठवड्यांत सुमारे 50 हजार ऑर्डर आल्या आणि त्या वर्षापुरती योजना थांबवावी लागली. म्हणजे गिऱ्हाइकाला विजेची गाडी नको होती असं नाही, परवडणारी हवी होती. तशी गाडी बनवण्यात युरोपच्या कंपन्यांनी कुचराई केली हे मान्यच करायला हवं. मोठ्या एसयूव्हीत नफा जास्त, म्हणून छोट्या गाड्या एकेक करून बंद केल्या. कोलोनला बनणारी फोर्ड फिएस्टा 2023 मध्ये बंद झाली. पेट्रोलच्या छोट्या गाड्याच जिथे नकोशा झाल्या, तिथे विजेच्या छोट्या गाडीची घाई कोण करणार? युरोपीय संघात 2019 मध्ये 1 कोटी 30 लाख नव्या गाड्या विकल्या गेल्या होत्या, 2024 मध्ये 1 कोटी 6 लाख. कारखाने मात्र जुन्याच आकड्याला बेतलेले. फोक्सवॅगनच्या वित्तप्रमुखांनी सप्टेंबर 2024 मध्ये कामगारांना स्पष्टच सांगितलं की आपल्याला वर्षाला 5 लाख गाड्यांची विक्री कमी पडते आहे, म्हणजे साधारण दोन कारखान्यांचं काम.

आता कायद्याकडे पाहा. 2035 चा नियम युरोपीय संसदेने फेब्रुवारी 2023 मध्ये मंजूर केला. त्यावर सदस्य देशांचं शेवटचं मतदान व्हायचं होतं, तर ऐन वेळी जर्मनीनेच कृत्रिम इंधनावरच्या गाड्यांना सूट हवी असा मुद्दा काढून ते अडवलं. मार्चअखेरीला तडजोड झाली. 2025 साठी गाड्यांच्या सरासरी धुराची मर्यादा ठरली होती, किलोमीटरला सुमारे 94 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. चुकलात तर दर गाडीमागे दर ग्रॅमला 95 युरो दंड. वर्ष सुरू झाल्यावर ती तीन वर्षांच्या सरासरीवर मोजायची सूट मिळाली. व्होल्वोची तयारी वेळेत झाली होती. तिने या सवलतीला उघड विरोध केला. डिसेंबर 2025 मध्ये युरोपीय आयोगाने नवा प्रस्ताव ठेवला: 2035 मध्ये धुरात 100 ऐवजी 90 टक्के कपात, उरलेल्या 10 टक्क्यांची भरपाई युरोपात बनलेलं कमी-कार्बन पोलाद आणि पर्यायी इंधनं वापरून. आपल्या लेखकांनी यालाच शहाणपण म्हटलं आहे. ज्याने नियमावर विश्वास ठेवून पैसा घातला त्याने या तीन वर्षांत काय करायचं होतं, हा माझा त्यांना प्रश्न आहे.

त्झ्विकाऊचं उदाहरण घ्या. सॅक्सनीतलं हे गाव. ऑगस्ट होर्शने ऑडी इथे सुरू केली, पूर्व जर्मनीची ट्राबांट मोटार इथेच बनायची. फोक्सवॅगनने इथला कारखाना सुमारे 1.2 अब्ज युरो खर्चून पूर्णपणे विजेच्या गाड्यांना दिला. 2020 मध्ये इंजिनाची शेवटची गोल्फ गाडी बाहेर पडली आणि हजारो कामगार नव्या कामाचं प्रशिक्षण घेऊन लायनीवर उभे राहिले. डिसेंबर 2024 मध्ये कंपनी आणि कामगार संघटनेत समझोता झाला. 2030 पर्यंत जर्मनीत 35 हजार नोकऱ्या कमी करायच्या, पण सक्तीने कोणाला काढायचं नाही. त्यात ठरलं की आयडी.3 आणि कुप्रा बॉर्न या विजेच्या गाड्या त्झ्विकाऊहून व्होल्फ्सबर्गला जाणार, व्होल्फ्सबर्गची गोल्फ मेक्सिकोतल्या प्वेब्लाला जाणार, आणि त्झ्विकाऊकडे ऑडीचं एक मॉडेल उरणार. जे कामगार सांगितल्याबरोबर बदलले, त्यांच्या ताटात सगळ्यात कमी. हे वाचलं तेव्हा मला माझ्या शॉपमधली शाफ्टवर काम शिकलेली पोरं आठवली.

बॅटरीच्या सेलबद्दल तर फार वाईट वाटतं, कारण तिथे युरोपने प्रयत्न केला नाही असं नाही. स्वीडनची नॉर्थव्होल्ट 2016 मध्ये निघाली. आर्क्टिक वर्तुळाच्या जवळ शेलेफ्टेओला स्वस्त जलविद्युत होती, अब्जावधींचं भांडवल होतं, मोठमोठ्या कंपन्यांच्या ऑर्डरी होत्या. सेल बनवणं म्हणजे लेथवरचं कातकाम नव्हे: ओलावा, धूळ, लेपाची जाडी, कशातही जरा फरक पडला की लॉट भंगारात. चांगल्या सेलचं प्रमाण वाढवायला वर्षं लागतात, आणि त्या वर्षांत तोटा सोसणारा पाठीशी लागतो. उत्पादन ठरलेल्या गतीने वाढेना, तेव्हा 2024 मध्ये बीएमडब्ल्यूने 2 अब्ज युरोंची ऑर्डर रद्द केली. मार्च 2025 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. स्टेलांटिस, मर्सिडीज आणि टोटालएनर्जीज यांच्या भागीदारीतल्या एसीसी या बॅटरी कंपनीने जर्मनी आणि इटलीतल्या कारखान्यांचं काम आधीच थांबवलं होतं.

चीननेही ही वर्षं सोसली, पण तो मध्येच उठून गेला नाही. अनुदान 2009 च्या सुमारास सुरू झालं, टप्प्याटप्प्याने कमी होत 2022 अखेर संपलं. खरेदी करातली सूट 2014 पासून पुढे चालू राहिली. 2015 ते 2019 या काळात यादीतल्या कारखान्याची बॅटरी असेल तरच गाडीला अनुदान, अशी रचना होती आणि कोरियाच्या कंपन्या त्या यादीबाहेर राहिल्या. 2011 ला सुरू झालेली सीएटीएल ही चिनी बॅटरी कंपनी या आडोशाला वाढली. तिथली कामगारांची स्थिती आणि गरजेपेक्षा जास्त कारखाने उभारून चाललेली दरकपात मला मान्य नाही. तिथे स्वतंत्र कामगार संघटना नाही, त्झ्विकाऊला आहे, आणि ती टिकावी असं मला मनापासून वाटतं.

युरोपने ऑक्टोबर 2024 पासून चिनी विजेच्या गाड्यांवर जादा आयात शुल्क लावलं: बीवायडी कंपनीवर 17 टक्के, सैक कंपनीवर 35.3, तेही मूळच्या 10 टक्क्यांवर. त्याविरुद्ध मत देणाऱ्यांत जर्मनीच होती, कारण तिच्या कंपन्यांचा चीनमधला धंदा अडकलेला. शुल्काने थोडा वेळ मिळतो, पण त्या वेळात स्वतःचं काही उभं राहायला हवं. तोवर सीएटीएल हंगेरीत देब्रेत्सेनला 7.3 अब्ज युरोंचा कारखाना उभारते आहे, आणि स्टेलांटिसबरोबर स्पेनमध्ये सारागोसाजवळ दुसरा.

चिनी कंपन्यांना युरोपने येऊच देऊ नये, असं माझं म्हणणं नाही. फोक्सवॅगन 1984 मध्ये शांघायला गेली तेव्हा स्थानिक भागीदार घ्यावाच लागला. आपल्याकडे मारुतीच्या वेळी टप्प्याटप्प्याने पार्ट देशातच बनवण्याची अट होती. त्या अटीपायी चिकलठाण्यापासून भोसरीपर्यंत कितीतरी जण मोटारीचे पार्ट बनवायला शिकले, त्यांतला एक मी. सेल बनवायला चिनी कंपनी येते आहे तर युरोपनेही तीच अट घालावी: इथले इंजिनिअर लायनीवर असतील, लेपाचं आणि रसायनाचं साहित्य पाच वर्षांत इथलं होईल. सोबत अनुदानाचा उतरता तक्ता आठ-दहा वर्षांसाठी आजच छापून द्यावा, सरकार बदललं तरी न बदलणारा. त्यात 2035 हवं की 2038, यावर मी वाद घालणार नाही. माझ्या मशीनचं कर्ज सात वर्षांचं आहे; निदान तेवढा काळ तरी नियम जागचा हलू नये.

शाफ्टचे ते ट्रे मी भंगारात दिलेले नाहीत. दर तीन महिन्यांनी कागद सोडून, तेल लावून पुन्हा गुंडाळतो. मागच्या महिन्यात त्याच ग्राहकाने त्याच ड्रॉइंगचं नवं कोटेशन मागवलं. दर मी जुनाच दिला आहे, फक्त तीन वर्षांची किमान संख्या लेखी मागितली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

आपला,
एक लघुउद्योजक वाचक,
भोसरी, पुणे