फॉर्म १७ वाल्यांचे फोटो कुठायत?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात तालुक्याच्या पानावर आमच्या इथल्या हायस्कूलचा दहावीचा निकाल चार कॉलममध्ये आलाय. 'शंभर टक्के निकालाची परंपरा कायम'. वाचून आनंद झाला असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहा. काल दुपारपासून डोकं तापलंय, घरातली म्हणाली एकदाचं लिहून टाका पेपरला म्हणजे आम्हाला तरी ऐकावं लागणार नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधीच सांगतो, ज्या पोरांचे फोटो आलेत त्यांच्याबद्दल माझं काहीएक म्हणणं नाही. पहिली आलेली मुलगी आमच्याच वरच्या वाडीतली. व्हाळाला पाणी आलं की साकवावरून जायची सोय नसते, मग ती पोरगी डांबरी रस्त्याने वळसा घालून चालत शाळेत जायची, दप्तर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, हे मी स्वतः बघितलंय. तिचं कौतुक करावं तेवढं थोडंच. फोटो अजून मोठा छापायला हवा होता खरं तर.

माझं भांडण आहे ते त्या शंभराशी.

माझा भाचा त्याच शाळेत पाचवीपासून. अभ्यासात जेमतेम, गणितात तर बोंबच, पण बापाबरोबर होडीवर जाऊन इंजिन खोलून परत बसवतो हे कोणी विचारलं तर सांगेन. गेल्या वर्षी नववीचा निकाल लागला तेव्हा बहिणीला शाळेत बोलावून घेतलं आणि चहा पाजून गोड बोलून सांगितलं की याला इथे दहावीला बसवण्यापेक्षा दाखला घेऊन जा आणि फॉर्म नंबर १७ भरा, बाहेरून परीक्षा देता येते, सर्टिफिकेट बोर्डाचंच मिळतं. बहीण बिचारी सातवी शिकलेली. घरी येऊन मला म्हणते, "दादा, सर म्हणतत वर्ष वाया जाऊचा नाय, नुसतो फॉर्म बदलाचो." मी तेव्हा मुंबईला होतो, फोनवर ओरडलो, पण तोपर्यंत दाखला हातात पडला होता. आणि हा एकटा नाही हो, त्याच्या वर्गातली आणखी चार-पाच पोरं अशीच वाटेला लावली. सगळी कोणाची, तर खलाशाची, आंब्याच्या कलमांवर राखणीला असणाऱ्यांची नाहीतर आईच एकटी असलेली. पंचायतीतल्या मेंबरचा पोरगा यांच्याइतकाच ढ, तो मात्र शाळेतच राहिला आणि पास पण झाला, म्हणजे जमतं ना शिकवायला!

फॉर्म १७ वाईट आहे असं नाही. ज्यांची शाळा सुटली, जे कामाला लागले, त्यांच्यासाठी ती सोय आहे आणि चांगली सोय आहे. पण शाळेत येणाऱ्या पोराला हाताला धरून बाहेर काढायचं आणि मग तो 'खाजगी विद्यार्थी' झाला म्हणायचं, हे कुठल्या नियमात बसतं? खाजगीवाल्यांचा निकाल बोर्ड वेगळा लावतं, शाळेच्या नावावर ती पोरं येतच नाहीत. झाले शंभर टक्के. मुख्याध्यापकांनी तुमच्या वार्ताहराला सांगितलंय की हे शिक्षकांच्या अथक परिश्रमांचं फळ. परिश्रम झालेत यात शंकाच नाही, घरोघरच्या आयांना समजावायला किती वेळ गेला असेल.

मार्चमध्ये परीक्षा होती तेव्हा शाळेने पोरांसाठी टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली होती, चांगली गोष्ट आहे. भाचा त्याच स्टॉपवर सकाळच्या एसटीची वाट बघत उभा. गाडी त्याच्यासमोरून गेली, आत सगळे त्याचेच मित्र, एकाने खिडकीतून हात काढून बोलावलं पण, गाडी काही थांबली नाही. सीट रिकाम्या होत्या म्हणे. तोंडी परीक्षेला तर खाजगीवाल्यांसाठी ठरवून दिलेल्या संपर्क केंद्राच्या शाळेत त्याला व्हरांड्यात बसवून ठेवलं आणि सगळ्यात शेवटी आत घेतलं, तेवढ्यात परतीची एसटी गेली.

आणि पोरगा पास झाला साहेब. ५४ टक्के. शिकवणी नाही, शाळा नाही, रात्री बापाचं जाळं विणून झाल्यावर अभ्यास. त्याचं नाव शाळेच्या फळ्यावर नाही, तुमच्या पानावर पण नाही. पेपर आला तेव्हा त्याने सगळे फोटो नीट बघितले, कोणाला किती पडले ते मला वाचून दाखवलं आणि पेपर घडी करून ठेवला. मला वाटतं बहिणीने तो नंतर मासे गुंडाळायला घेतला, बरंच केलं.

आता हे सगळं कशासाठी तेही मला कळत नाही. कोकण बोर्ड कोल्हापूरपासून वेगळं झालं तेव्हापासून आपण राज्यात पहिले. दहावीचा निकाल २०२४ ला ९९.०१ टक्के, यंदा २०२५ ला ९८.८२, राज्याचा यंदाचा आकडा ९४.१०. बेस्ट ऑफ फाइव्ह आहे, म्हणजे टक्के काढताना सहातले चांगले पाचच विषय धरतात, तोंडीचे वीस मार्क शाळेच्याच हातात आहेत, चित्रकलेच्या परीक्षा पास झालेल्यांना वाढीव गुण आहेत, ३५ ला पास. इतकं असून दोन पोरं नापास झाली असती तर काय अरबी समुद्र आत आला असता काय? पण नाही, गेटवरच्या बॅनरवर १०० च पाहिजे. पुढच्या वर्षी असली बातमी छापताना वार्ताहराला एवढंच सांगा की नववीचं हजेरीपत्रक पण मागून घे आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी छाप.

त्याच पानावर अर्धं पान 'गुणवंतांचे हार्दिक अभिनंदन' अशी जाहिरात आहे, त्यात गुणवंत एकही नाही, सगळे शुभेच्छुक. गॉगलवाले पण आहेत. पैसे मिळतात, छापा, आमचं काय जातं. पण अकरावीचे प्रवेश यंदा अख्ख्या राज्यात ऑनलाइन केले, साइट २१ मे ला सुरू व्हायची ती पहिल्याच दिवशी बसली आणि २६ ला परत चालू झाली, त्याच दिवसांत इकडे पाऊस आला, लाइट नाही, रेंज नाही, पोरं सायबर कॅफेच्या पायरीवर भिजत बसलेली. ज्या गावात एकच ज्युनियर कॉलेज आणि त्यातल्याही जागा दरवर्षी रिकाम्या राहतात, तिथे दहापर्यंत कॉलेजांचे पसंतीक्रम भरायचे ते कशाचे, यावर तुमच्या पेपरात मला एक ओळ दिसली नाही. आली असेल तर कळवा, आमच्याकडे पेपर दुपारच्या एसटीने येतो, कधी कधी येतच नाही.

आणि हो, पहिल्या आलेल्या मुलीचं आडनाव फोटोखाली चुकीचं छापलंय. जाहिरातीतल्या एकाही शुभेच्छुकाचं चुकलेलं नाही, मी बारकाईने बघितलं. तिच्या आजीने तो पेपर जपून ठेवायला घेतलाय, तेव्हा उद्याच्या अंकात दुरुस्ती टाका, आणि ती पण फोटोसकट.

कळावे,
आपला एक नियमित वाचक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग
(नाव छापू नये, भाच्याचा दाखला अजून एकदा शाळेतून लागणार आहे)