बिलातल्या त्या ओळीबद्दल

दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय दिन्या,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला दुकानाच्या वीजबिलाचा फोटो मोठा करून ओळ न ओळ वाचली. युनिट मागच्या महिन्याइतकेच, मग रक्कम एवढी कशी फुगली, हा तुझा सवाल रास्त आहे. पण फोनवर तू लाईनमनवर लय चिडला होता. दर ठरवणं त्याच्या हातात नाही गड्या, त्याला बोलू नको.

'इंधन समायोजन आकार' ही ओळ बघ. वीजदर एका आर्थिक वर्षात साधारण एकदाच बदलता येतात, असं २००३ च्या वीज कायद्याचं कलम ६२ सांगतं. इंधनाच्या सूत्राला मात्र त्यातून सूट आहे. कोळसा महागला किंवा बाहेरून महाग वीज घ्यावी लागली, की तो फरक युनिटमागे काही पैसे लावून मागाहून वसूल होतो. २०२२ च्या उन्हाळ्यात कोळसा कमी पडला, तेव्हा वीजबाजारातले दर इतके चढले की केंद्रीय वीज नियामक आयोगानं युनिटला १२ रुपयांची मर्यादा घातली. असल्या खरेदीचा बोजा शेवटी बिलावरच येतो.

त्यावर सरकारचं वीज शुल्क वेगळं. घरगुती बिलाला १६ टक्के, आपल्या दुकानाला २१, आणि ते या आकारावरही लागतं. समज ५०० युनिटवर ४० पैशांनी २०० रुपये झाले, तर शुल्काचे ४२ धरून २४२ जातात.

मला सलतं ते वेगळंच. तू मे अखेरच्या नवतपात फ्रीझर रात्रंदिवस चालवून दूध, आईस्क्रीम विकलं, तेही छापील भावानं. गिऱ्हाईक खाऊन गेलं. आता महिन्यांनी आलेला फरक कोणाकडून मागशील? मोठा कारखानदार तो पुढच्या मालावर चढवतो, आपल्या गल्ल्यातून तो सरळ वजा होतो. आणि कोळसा निघतो आपल्या वणीत, वीज तयार होते चंद्रपूर-कोराडीत, राख उडते आपल्याच माणसांच्या अंगणात. निदान किती पैसे लागणार हे वापरायच्या आधी दुकानदाराला कळलं पाहिजे. एवढं मागणं काही जास्त नाही.

सोबतचा दुसरा कागद सुरक्षा ठेवीचा आहे, तो दंड नाही. महिन्याला बिल येणाऱ्याची ठेव दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी असावी लागते. बिल वाढलं की ठेवही वाढते. ती तुझ्या नावावर राहते आणि कलम ४७ प्रमाणे तिच्यावर व्याज मिळतं. ते बिलात जमा झालं का, तेवढं तपास.

आणि तुझं मिरची कांडप! ते दुकानाच्याच मीटरवर का चालवतोस? पिठाची गिरणी, मसाला गिरणी राज्य वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात उद्योगात मोडतात, तिथला दर दुकानापेक्षा कमी आहे. कांडपासाठी वेगळी जोडणी माग. दर महिन्याला खरा फरक त्यानंच पडेल.

इंधनाची रक्कम भरावीच लागेल. पण युनिट किंवा हिशोब चुकला असं वाटत असेल, तर तोंडी भांडू नको. वीज कंपनीकडे लेखी तक्रार दे आणि पोच घे. वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. वाद चालू असताना मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली कमी असेल ती 'हरकत राखून' असं लिहून भरलीस, तर कलम ५६ प्रमाणे वीज तोडता येत नाही. कंपनीकडे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर नागपूरला विद्युत लोकपाल.

गेल्या वर्षभराची बिलं काढून ठेव. अर्जाचा मसुदा मी लिहून पाठवतो, फक्त ग्राहक क्रमांक आणि मंजूर भार तेवढा कळव. बिलाची मुदत चुकवू नको, नाहीतर विलंब आकार उगाच वर बसेल.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
बाळ्या